जुन्या नकाशावरचा पत्ता

शेजारच्या काकांना वाटतं की मी रक्त तपासते. त्यामुळे अधूनमधून ते शुगरचा रिपोर्ट घेऊन आमचा जिना चढून येतात आणि दारातूनच विचारतात, "बाई, पाह्य बरं, कमी झाली का माही शुगर?" हे माझं काम नाही, असं मी त्यांना इतक्यांदा सांगितलं आहे की आता सांगायचंच सोडलं. कागद हातात घेते, आकडा वाचते आणि म्हणते, "काका, जिलेबी बंद करा." ते खूश होऊन जातात. जिलेबी काही बंद होत नाही. खरं सांगायचं तर ते यावेत असं मला वाटत असतं. बोरगाव मेघेतल्या या घराच्या वरच्या मजल्यावर मी एकटी राहते, आणि कित्येक आठवडे असे जातात की या जिन्यावर त्यांच्याखेरीज कोणाची चप्पल वाजत नाही.

माझं काम वाचायचं आहे. रक्तातून जनुकं वाचणारी यंत्रं मोठ्या शहरांत असतात. त्यांच्यातून जे बाहेर पडतं ती चार अक्षरांची एक अफाट लांब ओळ. सगळ्या माणसांची ती ओळ सारखीच असते, म्हणजे जवळजवळ सारखी. कुठे एखादं अक्षर बदललेलं असतं, कुठे गळलेलं, कुठे दोनदा आलेलं. कंपनी मला अशा बदलांची फाइल पाठवते आणि मी कूलरसमोर बसून एकेकाची चौकशी करते. जगभरच्या प्रयोगशाळांनी आपल्याकडे सापडलेले बदल इंटरनेटवरच्या डेटाबेसमध्ये टाकून ठेवले आहेत, आणि ते कोणालाही उघडून बघता येतात. आपल्याकडे मुलीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी करतात ना, तसंच हे. हा बदल आणखी कोणाच्या घरात आहे, त्यांचं बरं चाललंय का, कोणी काही वाईट बोलतं का. फक्त इथे नावं नसतात. सगळं पाहून झालं की मी लिहायचं, हा बदल अपायकारक, किंवा हा निरुपद्रवी, नाहीतर याचा अर्थ अनिश्चित.

आपल्याकडच्या माणसांच्या बाबतीत हे तिसरं उत्तर फार वेळा द्यावं लागतं. कारण त्या डेटाबेसमध्ये आपली माणसंच कमी. सिकलसेलचं तसं नाही. आमच्या भागात सिकल म्हटलं की शाळेतल्या पोरालाही कळतं, शिबिरात बोट टोचून घेतलेलं असतं त्याने. तो एका अक्षराचा बदल जगप्रसिद्ध आहे, त्याच्याविषयी पानंच्या पानं लिहिलेली आहेत. पण बाकीचे कितीतरी बदल अनाथ आहेत. शोधाच्या चौकटीत बदलाचा पत्ता, म्हणजे त्या ओळीतला त्याचा क्रमांक, टाकला की पडद्यावर कोरडं उत्तर येतं, नोंद नाही. पहिल्या पहिल्यांदा त्या उत्तराने मला काही वाटत नसे. नोकरी होती. पुण्यात होते तेव्हा चहा पिता पिता मी अशा पाच-पंचवीस माणसांना अनिश्चित ठरवून मोकळी होत असे.

मग दादा गेला, आणि मी इकडे परत आले.

दादा वीज कंपनीत लाइनमन होता. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, उंच, आवाज असा की खांबावरून बोलला तर खाली लाउडस्पीकरची गरज नाही. त्याच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला एक चिमुकलं बोट, त्याला नखसुद्धा होतं. आई म्हणायची, काढून टाकू, लग्नाच्या वेळी अडचण येईल. दादा काढू द्यायचा नाही, कारण ते माझं होतं. लहानपणी शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडायचा असे, तेव्हा माझ्या मुठीत त्याचा अख्खा हात मावत नसे. ते बोट मावायचं. ट्रक गेला की तो म्हणायचा, "धरलं का?" मी म्हणायची, "धरलं." मगच आम्ही निघायचो. पुढे लग्नाच्या वेळी अडचण वगैरे काही आली नाही. वहिनींनी ते बोट पहिल्याच दिवशी पाहिलं आणि हसल्या, एवढंच.

आमच्या घरात माणसं अचानक जातात. बाबा गेले गिरडला. त्यांच्या मित्राने दर्ग्यावर नवस फेडला होता आणि जेवण ठेवलं होतं. बाबा नवस मानत नसत, पण मित्राचं जेवण मानत. टेकडी चढताना दम लागला म्हणून पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, पवित्र जागी गेला. आई वर्षानुवर्षं तेच धरून बसली, आणि तिला त्याचा आधार होता म्हणून आम्हीही कधी उलटून बोललो नाही. दादा गेला तो खांबाच्या बुडाशी, शिडी लावायच्याही आधी. लोक म्हणाले, करंट लागला. लाइन बंद होती हे वहिनी आजही बसस्टॉपवर भेटणाऱ्या माणसाला समजावून सांगतात, आणि तो मान डोलावून म्हणतो, "हो ना, करंटचं कामच वाईट."

शवविच्छेदन झालं तेव्हा कळलं की त्याच्या हृदयाची भिंत जाड झाली होती. आम्हाला ते अगदीच नवं नव्हतं. जाण्याच्या दोन वर्षं आधी तो ड्युटीवर चक्कर येऊन पडला होता, आणि ऑफिसने त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. तेव्हा मी पुण्यात होते. त्याने फोनवर मला हसत हसत सांगितलं होतं, "बाई, लई रक्त काढलं माह्यं. संशोधन करून राह्यले म्हणे. तुह्यासारखेच कोणी असतीन." मी म्हटलं, रिपोर्ट आला की मला पाठव. रिपोर्ट आला नाही. संशोधनासाठी घेतलेल्या रक्ताचे रिपोर्ट बहुतेक येतच नाहीत हे मला ठाऊक होतं. त्याला गोळ्या दिल्या होत्या. तो कधी घ्यायचा, कधी विसरायचा. पुढे मी चौकशी केली तर त्या दवाखान्यात संशोधन करणारे लोक बदलून गेले होते.

त्याच्या मागे वहिनी आणि एक मुलगी. वहिनींना अनुकंपेवर कारकुनाची नोकरी मिळाली, आणि त्या पवनारला माहेरी राहायला गेल्या, भावाच्या शेजारी. ते बरंच झालं. पण त्यामुळे आमच्या घराचा खालचा मजला बंद झाला. मी दर शनिवारी खाली जाऊन खिडक्या उघडते, झाडते, पुन्हा कुलूप लावते. लाइट गेली की अजून माझा हात फोनकडे जातो. आधी गल्लीतले सगळेच आमच्या दारात यायचे, काय झालं, कधी येते, तुमच्या दादाले इचारा. आता ते आपापल्या फोनवर तक्रार नोंदवतात.

पोरगी पळते. म्हणजे पळायची. पवनारच्या शाळेत तिच्या मागे धावायला मुलगे लाजत असत. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तिचं नाव निघालं, आणि त्याच आठवड्यात वहिनींनी शाळेत जाऊन ते काढून टाकलं. हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हाला दोघींनाही तपासलं. माझं हृदय ठीक, तिचंही ठीक. पण ते म्हणाले, आज ठीक आहे म्हणजे पुढे ठीक राहील असं नाही, हा आजार वाढत्या वयात दिसू लागतो. पळणं तूर्त बंद. दरवर्षी तपासणी. मग मी आमच्याच धंद्यातला प्रश्न विचारला. जनुकाची तपासणी करून कळेल का? ते म्हणाले, खरं तर आधी तुमच्या भावाची करायला हवी होती. आता तुमची करू. एखादा ओळखीचा गुन्हेगार सापडला, तर मग मुलीमध्ये तो आहे का ते बघता येईल. नसला तर ती खुशाल पळेल.

खुशाल पळेल, हे दोन शब्द घेऊन मी घरी आले.

माझं रक्त मी दुसऱ्याच प्रयोगशाळेत दिलं, आमच्या कंपनीत नको म्हणून. रिपोर्ट आला तो ईमेलवर, भर दुपारी. हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकात एक अक्षर बदललेलं. आणि खाली माझ्याच धंद्यातले शब्द, जे मी इतक्या लोकांना लिहून पाठवले होते, अर्थ अनिश्चित. मी त्या बदलाचा पत्ता उचलला, डेटाबेस उघडला आणि टाकला. नोंद नाही. साऱ्या जगाच्या त्या पसाऱ्यात आणखी कोणाकडेच तो नव्हता.

तेव्हा काय वाटलं ते सरळच सांगते. लग्न केलं नाही, मैत्रिणी पुण्यात राहिल्या, आई गेली, दादा गेला, या सगळ्यात मला एकटं वाटलं नव्हतं असं नाही. पण ते माणसाचं एकटेपण होतं, सगळ्यांना थोडंफार असतं तसलं. हे वेगळं होतं. माझ्या रक्तात एक चूक होती आणि ती चूकसुद्धा माझ्या एकटीची होती. मी लॅपटॉप मिटला. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, दुसऱ्या एखाद्या घरात हाच बदल आणि हाच आजार सापडला तर काही म्हणता येईल, तोवर मुलीची तपासणी करण्यात अर्थ नाही. मी वहिनींना फोनवर तेवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक हाये ताई. तिले घरी दोरीवरच्या उड्या बी नाई मारू देत मी."

त्यानंतर मी तो पत्ता पुन्हा टाकून पाहिला नाही. अशा नोंदी वाढत असतात, चार-सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं असतं, हे मी इतरांना शिकवते. स्वतःच्या बाबतीत हिंमत झाली नाही. कोरडं उत्तर एकदा ऐकलं, पुरे झालं. मधल्या काळात एक उन्हाळा गेला, एक पावसाळा, काकांची शुगर वर गेली आणि खाली आली.

आमच्या कामात एक भानगड आहे. माणसाच्या जनुकांची जी प्रमाण ओळ असते, तिला आम्ही नकाशा म्हणतो. प्रत्येक अक्षराला तिच्यावर एक क्रमांक असतो, तोच त्याचा पत्ता. काही वर्षांपूर्वी हा नकाशा सुधारून नवा काढला. जुन्यात राहिलेल्या फटी भरल्या, चुका दुरुस्त केल्या, त्यामुळे पुढच्या अक्षरांचे क्रमांक सरकले. पण जुना नकाशा काही गेला नाही. काही प्रयोगशाळा जुना वापरतात, काही नवा. आमच्या गल्लीतही असंच झालं होतं. ग्रामपंचायतीने घरांचे नंबर बदलले, पण अर्ध्या लोकांनी जुन्याच पाट्या ठेवल्या. कुरिअरवाला आमचं पार्सल घेऊन दुसऱ्याच्या दारात उभा असतो, आणि ते लोक शांतपणे सांगतात, असं कोणी इथं राहत नाही. खोटं नाही बोलत ते.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बंगळुरूला बसणाऱ्या एका सहकारी मुलीशी व्हिडिओ कॉल चालू होता. एका बाळाच्या फाइलवर तिने नोंद नाही असं लिहून टाकलं होतं. मी तो बदल ओळखत होते, त्याच्या नोंदी भरपूर होत्या. माझं डोकं फिरलं. मला या गोष्टीचा राग फार लवकर येतो. मी तिला म्हटलं, पत्ता जुन्या नकाशाचा आहे आणि तू नव्यात शोधलंस, बाळाचे आईबाप आयुष्यभर काय समजत राहिले असते? फाइलच्या डोक्यावर नकाशा लिहिलेला असतो, तो आधी बघायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. ती बिचारी सॉरी सॉरी म्हणत होती. मी आणखी काहीतरी बोलणार होते, पण माझं तोंड तिथेच थांबलं. माझ्या स्वतःच्या रिपोर्टच्या डोक्यावर कोणता नकाशा लिहिला होता, ते मला आठवेना.

कॉल मी कसाबसा संपवला. रिपोर्ट शोधून काढला. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं, जुना नकाशा. आणि मी त्या दुपारी सवयीने नव्यात शोधलं होतं. दुसऱ्यांच्या फाइलीत मी हे डोळे झाकून तपासते. स्वतःच्या वेळी डोळे उघडे होते, पण त्यांना नीट दिसत नव्हतं.

पत्ता एका नकाशावरून दुसऱ्यावर नेण्याचं साधन असतं. आकडा टाकायचा, बटण दाबायचं, नवा आकडा येतो. तो घेऊन मी पुन्हा शोधाच्या चौकटीत टाकला. या वेळी पडद्यावर एक ओळ आली. एकच, पण आली. हाच बदल, एका माणसात सापडलेला, आजार हृदयाच्या जाड भिंतीचा.

मी खुर्चीवरून उठले. माठातलं पाणी प्यायले, गच्चीवर जाऊन आले, पुन्हा येऊन ती ओळ पाहिली. होती. कोणीतरी होतं! कुठेतरी एक घर होतं ज्यात आमचाच बदल होता आणि आमचाच आजार. म्हणजे डॉक्टर म्हणाले ते दुसरं घर. म्हणजे बदलावर बोट ठेवता येईल, पोरीची तपासणी करता येईल, आणि तिच्यात तो नसला तर, खुशाल पळेल. निम्मी शक्यता तर नसण्याचीच होती. वहिनींना लगेच फोन करावा असं वाटलं. एका अनोळखी माणसाचं हृदय बिघडलं याचा मला हर्ष झाला होता, आणि तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. उलट मी त्याचे आभार मानत होते. तो कोण असेल, त्याचीही एखादी बहीण माझ्यासारखी पडद्यासमोर बसली असेल का, असले विचार करत होते. कितीतरी महिन्यांनी मी घरात मोठ्याने काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

फोन करण्याआधी तपशील बघू, म्हणून मी त्या ओळीवर क्लिक केलं. प्रयोगशाळा नोंद टाकताना माणसाचं नाव देत नाही, पण शरीरावर जे जे वेगळं दिसेल ते लिहिते, कारण कशाचा कशाशी संबंध निघेल हे आधी सांगता येत नाही. मी वाचत गेले. पुरुष. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. मध्य भारत. काम करताना एकदा शुद्ध हरपली. वडिलांचा अचानक मृत्यू, पन्नाशीच्या आत. एक बहीण, तपासलेली नाही. आणि शेवटी, डाव्या हाताला करंगळीच्या बाहेर एक जादा बोट.

मी ते वाक्य बराच वेळ पाहत राहिले. त्यात समजायला अवघड असं काहीच नव्हतं.

दुसरं घर नव्हतंच. आमचंच घर होतं. त्या संशोधनवाल्यांनी रिपोर्ट आम्हाला पाठवला नाही, पण नोंद मात्र रीतसर टाकली होती, दादा जिवंत असतानाच. मी पुण्यात चहा पीत लोकांना अनिश्चित ठरवत होते, तेव्हा तो त्या डेटाबेसमध्ये होता. नंतर मी त्याला शोधत फिरले, तेव्हाही तो तिथेच होता. जुन्या पाटीचा नंबर घेऊन मीच चुकीच्या दारात उभी होते.

मला रडू आलं, आणि ते फार वेळ थांबलं नाही. पण रडतानासुद्धा डोक्याचा एक भाग कामच करत होता, सवय कुठे जाते. आमच्या धंद्यात नियम आहे, एका घरातली माणसं वेगवेगळी धरायची नाहीत. दादा आणि मी मिळून एकच घर, एकच पुरावा. आजारी असलेल्या दादामध्ये हा बदल होता, हे नव्याने कळलं. त्यामुळे त्या बदलावरचा संशय थोडा वाढला, माझ्या स्वतःच्या हृदयाबद्दलची भीतीही थोडी वाढली. पण गुन्हा शाबीत झाला नाही. बाहेरचं कोणीतरी हवं होतं, आणि बाहेरचं कोणीच नव्हतं. पोरीसाठी उत्तर होतं तेच राहिलं.

एका गोष्टीने मात्र थोडं बरं वाटलं. ते बोट लिहिण्यासाठी कोणीतरी त्याचा हात हातात घेऊन नीट पाहिला असणार. दादाने त्या माणसाला नक्की सांगितलं असेल की हे बोट माझ्या बहिणीचं आहे. ते मात्र नोंदीत नव्हतं.

रविवारी मी पवनारला गेले. वहिनींनी पाटोडीची भाजी केली होती, मी येणार म्हटलं की त्या तीच करतात. जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि दोघींना ती ओळ दाखवली. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आधी वाईट भाग सांगितला, की यातून तपासणीचं काही निघत नाही. मग शेवटचं वाक्य मराठीत वाचून दाखवलं. वहिनी पडद्याकडे पाहत राहिल्या. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली दादाचा फोटो आहे, त्यात त्याचे दोन्ही हात मागे आहेत.

"म्हंजे यायचं रक्त हाये अजून कुठं?" त्यांनी त्या फोटोकडे पाहत विचारलं.

"असेल. फ्रीजरमध्ये ठेवतात."

"थंडं असन."

"हो."

त्यांनी पदराने पडद्यावरची धूळ पुसली, जी तिथे फारशी नव्हती, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

पोरगी माझ्या शेजारी सरकली. तिला तेराव्या वर्षी आपल्या बापासारखी उंची आलेली आहे, पाय कुठे ठेवावेत ते कळत नाही तिला. तिने ती ओळ बोट लावून वाचली, इंग्रजी चांगलं आहे तिचं.

"आत्या, दुसरं कोणी सापडलं तर माही टेस्ट होईन?"

"होईल."

"म्हंजे दुसऱ्या कोणाचे बाबा बिमार पडाची वाट पाहून राह्यलो आपण?"

या मुलीला खोटं सांगता येत नाही. मी म्हटलं, "हो." मला जे त्या दिवशी सुचलं नव्हतं ते तिला एका मिनिटात सुचलं होतं, आणि त्याचा मला अभिमानही वाटला आणि लाजही.

त्यानंतर मी एक केलं. माझी तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेला लिहून कळवलं की माझी नोंदसुद्धा डेटाबेसमध्ये टाका, माझी परवानगी आहे. सोबत दादाच्या नोंदीचा क्रमांक दिला आणि लिहिलं, हा माझा सख्खा भाऊ, म्हणजे पुढे कोणी आम्हाला दोन घरं समजू नये. कधीतरी कुठल्यातरी गावातली बाई स्वतःच्या बदलाचा पत्ता घेऊन तिथे येईल. तिला नोंद नाही असं उत्तर मिळू नये, एवढंच मनात होतं. आम्ही तिचं दुसरं घर होऊ, आणि ती आमचं.

काही आठवड्यांनी नोंद आली. स्त्री, पस्तिशीच्या आसपास. हृदय सध्या ठीक. आधीच्या नोंदीतील व्यक्तीची बहीण. त्यातला सध्या हा शब्द प्रयोगशाळेने बरोबर घातला होता, मीही घातलाच असता. आता तिथे दोन ओळी आहेत, एकीखाली एक. कामाला बसण्याआधी मी रोज सकाळी ते पान उघडते. तिसरी ओळ आली का ते बघायचं असतं, पण तेवढंच नाही. दादा वर असतो, मी खाली असते. मग दुसऱ्यांच्या फाइली उघडते.

पुढच्या रविवारी पोरीला ते दाखवलं. तिने दोन्ही ओळी पाहिल्या आणि तिचा चेहरा उजळला.

"आत्या, मले बी टाकजो याच्यात. बाबाजवळ."

"नाही," मी म्हटलं.

ते इतक्या जोरात निघालं की वहिनी आतून बाहेर आल्या. पोरगी घाबरून माझ्याकडे बघत होती. तिला मी आजवर कधी कशाला नाही म्हटलेलं नाही, मोबाइललासुद्धा नाही.

"काऊन?" तिने हळूच विचारलं.

मी तिचा हात धरला. पाचच बोटं आहेत तिच्या हाताला, जन्मली तेव्हा मीच मोजली होती. "तिथे तुझ्या बाबाजवळ मी आहे," मी म्हटलं. "तू नको येऊस."

ती म्हणाली, बरं. बसची वेळ झाली होती. मी लॅपटॉप पिशवीत घातला, आणि स्टॉपपर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली.